ओला साग बुडतो

मंडळी, लाकडाच्या धंद्यातली बरीच माणसं समोर बसली आहेत, म्हणून सुरुवात धंद्यातूनच करतो. आपल्या टिंबर मार्केटात ‘बर्मा टीक’ म्हटलं की भाव आपोआप चढतो. पण हा साग ज्या गावात चिरला जायचा, त्या ब्रह्मदेशातल्या मोलमीनचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

साल्वीन, जाइंग आणि अट्टरान या तीन नद्या जिथे एकमेकींना मिळतात, तिथे समुद्राच्या तोंडाशी हे गाव वसलंय. इंग्रज आणि ब्रह्मी राजा यांच्यातलं पहिलं युद्ध संपवणाऱ्या १८२६च्या यांदाबोच्या तहानंतर हा किनारा इंग्रजांकडे आला आणि मोलमीन भरभराटीला लागलं. इंग्रजांना जहाजांसाठी साग हवा होता. तोवर तो मलबारातून यायचा. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी १८१७ साली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ मलबारी सागाचंच. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे. पण मलबारची रानं विरळ झाली आणि नजर ब्रह्मदेशाकडे वळली.

आता खरी गंमत. साग नदीतून आणायचा, पण ओला साग पाण्यात बुडतो! मग करायचे काय, तर उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि आतलं पांढरं लाकूड गाभ्यापर्यंत कापून कडं काढायचे. झाड जागच्या जागी मरतं. ते तसंच दोन-तीन वर्षं उभं वाळू द्यायचं, मग तोडायचं. हत्ती ओंडके ओढून कोरड्या ओढ्यात आणून टाकत. पुढचं काम पावसाचं. पाऊस कमी झाला, तर ओंडके आणखी वर्षभर तिथेच पडून. म्हणजे आज खूण केलेल्या झाडाची फळी हातात यायला कितीतरी वर्षं जायची, आणि तोवर भांडवल रानात अडकलेलं. आपण बँकेच्या व्याजाला रडतो! मोलमीनच्या वरच्या अंगाला काडो इथे वाहत आलेले ओंडके अडवत. हातोड्याने मारलेली खूण बघून मालक ठरे, तिथेच सरकारी कर भरायचा, आणि मग माल गिरणीत. गिरणीच्या वखारीत ओंडके रचायलाही हत्तीच.

कुणीतरी मघाशी विचारलं, आपल्या कोल्हापूरच्या पंचगंगेवर असं का झालं नाही? अहो, दाजीपूरच्या रानातून भोगावतीत ओंडका सोडला, तर तो पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत जाणार आणि तिथून पार आंध्रात. तिकडे समुद्र गाठेपर्यंत त्याचा मालक कोण, हे कोण सांगणार? आपल्याकडे लाकूड बैलगाडीने आलं, आणि १८९१ला मिरजेहून रेल्वे आल्यावर रेल्वेने.

मोलमीनचं पुढे काय झालं? जवळची अट्टरानची रानं आधी संपली, माल लांबून येऊ लागला, आणि १८५२ला रंगून इंग्रजांच्या हाती गेल्यावर व्यापाराचा ओढा तिकडे गेला. पण सागाची भूक काही कमी झाली नाही. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ साली मुंबईत निघालेली कंपनी मंडालेहून उत्तर ब्रह्मदेशावर राज्य करणाऱ्या थिबा राजाच्या मुलखातला साग तोडत होती. हिशोबात दाखवले त्यापेक्षा जास्त ओंडके नेले, असं म्हणत १८८५ साली राजाच्या दरबाराने कंपनीला सुमारे तेवीस लाख रुपये दंड ठोकला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात युद्ध पुकारलं आणि दोन-तीन आठवड्यांत मंडालेचं राज्य संपलं.

थिबा राजाला आणलं कुठे? आंबा घाट उतरून गेलं की रत्नागिरी! १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत तो तिथेच होता. थिबा पॅलेस बांधून मिळाला तोही थेट १९१० साली. ओंडक्यांच्या मोजणीवरून एक राजा कोकणात येऊन पडला, आणि आपण सहलीला जाऊन तिथे फोटो काढतो.

कंपनी मात्र शाबूत आहे. आज ती वाडिया समूहाकडे आहे. मघाशी सांगितलेल्या गोदीतल्या वाडियांचंच हे घराणं.