परदेशात सेमेस्टर करायचंय? तिकिटाआधी हा कागद बघा

(हातातला कागद कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार मंडळी! दिसतोय का नीट? डावीकडे परदेशातल्या विद्यापीठाचे विषय, मधे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारं विषयाचं वजन, आणि उजवीकडे आपल्याकडचा समकक्ष विषय. त्यातली शेवटची ओळ बघा. उजवा रकाना कोरा! या कोऱ्या रकान्यापायी माझ्या मावसबहिणीच्या मुलीला परत आल्यावर एक पेपर पुन्हा द्यावा लागला. तिकडे चांगल्या मार्कांनी पास झाली होती हो! विषय तोच, नाव तेवढं वेगळं.

गोव्यात परदेशाचं नाव काढलं की पहिला प्रश्न पोर्तुगीज पासपोर्टचा. तो आज बाजूला ठेवूया. आज विषय परदेशी विद्यापीठांशी होणाऱ्या विद्यार्थी-प्राध्यापकांच्या अदलाबदलीचा.

यातली सगळ्यांत गाजलेली योजना म्हणजे युरोपची इरॅस्मस. १९८७ साली सुरू झाली, २०१४ पासून इरॅस्मस प्लस. युरोपातल्या विद्यापीठाशी करार असेल तर आपल्याकडची मुलंही जाऊ शकतात. फी इथेच भरायची, तिकडे शिकवणीची फी नाही, वर राहण्याखाण्याला शिष्यवृत्ती. म्हणून सगळ्यांचं लक्ष निवडीकडे आणि व्हिसाकडे. खरी मेख क्रेडिटमध्ये आहे.

हिशेब सोपा आहे. तिकडे एका सेमेस्टरची ३० क्रेडिट, आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत २०. म्हणजे तिकडचा ६ क्रेडिटचा पेपर इथे साधारण ४ चा. तिकडे एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तास, पण त्यात घरचा अभ्यासही धरलेला. आपल्याकडे वर्षानुवर्षं १५ तासिका म्हणजे एक क्रेडिट. त्यामुळे इथल्या टेबलावर कोणीतरी तासिका मोजायला बसतो आणि म्हणतो, "कमी भरतात!"

आणि वेळापत्रक? तिकडचं सेमेस्टर गणेश चवथीच्या आसपास सुरू होतं आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतं. तोवर इथे पुढच्या सेमेस्टरचे वर्ग कधीच सुरू झालेले असतात. परतल्यावर हजेरीचं काय, हे जाण्याआधीच विचारा.

आता प्राध्यापकांचं. माझं मत विचाराल तर विद्यार्थ्यापेक्षा आधी प्राध्यापकाला पाठवा. इरॅस्मसमध्ये ती सोय आहेच, काही दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत. दहा मुलं गेली तर दहा जणांचं भलं होतं. एक शिक्षक काही शिकून आला तर पुढची पंचवीस वर्षं दर बॅचला मिळतं.

पटत नाही? आपल्या सांकवाळच्या धर्मानंद कोसंबींना आठवा. घर सोडून निघाले, सिलोन आणि ब्रह्मदेशात राहून पाली, म्हणजे बौद्ध ग्रंथांची भाषा, शिकले, पुढे हार्वर्डला बोलावणं आलं. ना करार, ना क्रेडिट! पण त्यांनी कलकत्त्यात शिकवलं, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकवलं, आणि तिथे तयार झालेल्यांनी पुढे पाली शिकवली. चिरंजीव दामोदर कोसंबींच्या नावाने आज ताळगाव पठारावर, गोवा विद्यापीठात, अभ्यागत प्राध्यापकपद आहे. बाहेरचे अभ्यासक इथे येऊन शिकवतात. ज्याला तिकिटाचे पैसे परवडत नाहीत, त्याला कदंबा बसच्या भाड्यात तेवढं ऐकायला मिळतं. हीसुद्धा अदलाबदलच की!

जाणारच असाल तर पुन्हा या कागदाकडे या. याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. तीन सह्या लागतात: तुमची, इथल्या विद्यापीठाची, तिथल्या विद्यापीठाची. तिथे पोचल्यावर एखादा विषय रद्द झाला, बदलावा लागला, तर नवी ओळ घालून तिन्ही सह्या पुन्हा. आमच्या पोरीने नेमकं हेच केलं नाही. विषय बदलला आणि विभागात फोन करून विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "होऊन जाईल गो, तू ये." आली. ज्यांनी तसं सांगितलं होतं ते तोवर निवृत्त झाले होते.