कर्ज फिटलं, बोजा राहिला

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ‘कायदेपंडित’ म्हटलं. तसं काही नाही. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात तीस-बत्तीस वर्षं वकिली केली, आणि त्यातली बरीचशी दरखास्तींमध्ये गेली. दरखास्त म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी. दाव्याचा निकाल लागतो, हुकूमनामा होतो. त्या हुकूमनाम्यातले पैसे प्रत्यक्ष वसूल करायला पुन्हा जो अर्ज द्यावा लागतो, ती दरखास्त. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या लंडनमधल्या सर्वांत वरच्या अपील कोर्टाने, दरभंगा राजच्या एका प्रकरणात म्हणून ठेवलंय, की हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात त्या हुकूमनामा हातात पडल्यावर. आम्ही वकील लोक दीडशे वर्षं हे ऐकवतोय, आणि ऐकवतो ते नेहमी घेणेकऱ्याची कड घेऊन. आज मला दुसऱ्या बाजूने बोलायचंय. ज्याच्याकडून पैसे येणं आहे, आणि जो ते देतोयही, त्याचीही खरी अडचण तिथूनच सुरू होते.

एक गवंडी माझ्याकडे आला होता. हातात साखरेची रिकामी पिशवी, तिच्यात चिठ्ठ्या. कॅलेंडरचे मागचे कोरे तुकडे, वहीची फाटकी पानं, एक तर बिडीच्या बंडलाचा कागद. प्रत्येकावर ‘मिळाले’, रक्कम आणि सही. त्याच्यावर एक लाख ऐंशी हजारांचा हुकूमनामा होता, उसनवारीचा. निकालानंतर तो दर महिन्याला घेणेकऱ्याच्या दुकानात जाऊन पैसे देत होता. इमानदारीने. जवळजवळ सगळे फिटले आणि घेणेकरी वारला. मुलाने वडिलांची कागदपत्रं चाळली, त्यात हुकूमनामा सापडला, आणि त्याने पूर्ण रकमेची दरखास्त लावली. गवंडी म्हणाला, “साहेब, ह्या चिठ्ठ्या न्यायाधीशांना दाखवा, झालं.”

झालं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या एकविसाव्या आदेशात दुसरा नियम आहे. हुकूमनाम्याचे पैसे कोर्टाबाहेर दिले तर तशी नोंद कोर्टात व्हायला हवी. घेणेकऱ्याने स्वतः कळवावं, आणि त्याने नाही कळवलं तर देणेकऱ्याने अर्ज करून नोंद करून घ्यावी. मुदत तीस दिवस. नोंद नसलेली फेड दरखास्त चालवणाऱ्या कोर्टाने विचारात घ्यायचीच नाही, असं तो नियम स्पष्ट सांगतो. म्हणजे न्यायाधीश त्या चिठ्ठ्यांकडे बघतील, त्यांना वाईटही वाटेल, पण कोर्टाला ती फेड दिसत नाही. शेवटी मुलाला समजावून चाळीस हजारांवर मिटवलं. ते चाळीस हजार त्या माणसाने अकारण दिले, असं माझं आजही मत आहे.

ह्यावर उपाय अगदी सोपा, म्हणूनच कुणी करत नाही. एकतर पैसे कोर्टात भरा. नाहीतर बँकेतून किंवा मनीऑर्डरने पाठवा आणि कागदावर दाव्याचा, दरखास्तीचा नंबर घाला. आणि प्रत्येक वेळी पुरसिस द्या. पुरसिस म्हणजे दोन ओळींचं निवेदन: अमुक तारखेला अमुक रक्कम पोचली, सही घेणेकऱ्याची. शेवटचा हप्ता गेला की पूर्ण फेडीची पुरसिस. दुकानाच्या गल्ल्यावर दिलेला पैसा हा व्यवहार असतो. कोर्टाच्या दप्तरात गेलेला पैसा फेड असते.

आता थोडं मागे जाऊ, कारण चूक बहुतेक वेळा त्याच्याही आधी झालेली असते. समन्स येतं. बेलिफ दारात उभा राहतो, सही घेतो, जातो. आणि आपला सज्जन देणेकरी काय म्हणतो? “पैसे घेतलेत हे खरंय. मग कोर्टात जाऊन सांगू काय?” तो जातच नाही. हे मी इतक्यांदा ऐकलंय! खोटं बोलणारा माणूस पहिल्या तारखेला वकील घेऊन हजर असतो. खरं बोलणारा घरी बसतो, आणि त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होतो. व्याज मागितलं तेवढं, खर्च मागितला तेवढा.

कोर्टात जाऊन सांगायचं असतं ते एवढंच: देणं मान्य आहे, एकदम जमत नाही, हप्ते पाडून द्या. विसाव्या आदेशाच्या अकराव्या नियमात ती सोय आहे. निकाल देताना पुरेसं कारण दिसलं तर न्यायाधीश हप्ते ठरवून देऊ शकतात. मेख अशी, की हुकूमनामा होऊन गेल्यावर हप्ते हवे असतील तर घेणेकऱ्याची संमती लागते. आज जे न्यायाधीशांच्या हातात आहे, ते निकालानंतर समोरच्याच्या मर्जीवर जातं. तीच खोली, तेच टेबल, तारीख तेवढी बदललेली.

आपल्याच भागात एकेकाळी हे वेगळं होतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर मोर्चा वळवला. त्यांना हवे होते कागद. रोखे, कर्जखतं, हुकूमनामे बाहेर काढले आणि त्यांची होळी केली. सुप्यापासून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. ज्याला सही करता येत नाही त्याला कुठला कागद आपल्या गळ्याशी येतो हे बरोबर कळत होतं, ह्याचं मला फार नवल वाटतं. पुढे १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा आला, सुरुवातीला पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा ह्या चार जिल्ह्यांसाठी. त्यात कोर्टाला शेतकऱ्याच्या रोख्याच्या मागे जाऊन मूळ किती दिले ते तपासण्याचा अधिकार होता. हुकूमनामा झाल्यानंतरही कधीही हप्ते पाडून देण्याची सोय होती. आणि शेतकऱ्याने पैसे दिले की घेणाऱ्याने पावती दिलीच पाहिजे, असंही त्यात लिहिलं होतं. माझ्या गवंड्याची पिशवी आठवा. हा कायदा आज नाही.

बरं, हप्ता ठरला, तरी हिशेब घालून बघा. तीन लाखांचा हुकूमनामा, निकालानंतरचं व्याज सहा टक्के. वर्षाचे अठरा हजार, महिन्याचे पंधराशे. कुणी दर महिन्याला पंधराशे भरत राहिला तर दहा वर्षांनंतर मुद्दल किती? तीन लाख. कारण भरलेले पैसे साधारणपणे आधी व्याजात आणि खर्चात वळते होतात, मुद्दलाला मागून हात लागतो. व्यापारी व्यवहार असेल तर कोर्ट सहाच्या वरही जाऊ शकतं. बारा टक्के लागलं तर नुसत्या व्याजालाच तीन हजार लागतात. आणि हुकूमनामा बारा वर्षं जिवंत असतो. नऊ-दहा वर्षं काही झालं नाही म्हणून देणेकरी निर्धास्त होतो, आणि अकराव्या वर्षी दरखास्तीची नोटीस दारात येते.

मग जप्ती. ह्या शब्दाची जेवढी दहशत आहे तेवढी सगळी खरी नाही. एका घरी मी बेलिफबरोबर गेलो होतो, घेणेकऱ्याचा वकील म्हणून. घरातल्या आजीबाईंनी पातेली, तवा, परात सगळं गोधडीखाली लपवलं होतं आणि वर स्वतः बसल्या होत्या. बेलिफ जुना, समंजस माणूस. म्हणाला, “आजी, उठा, भांडी चुलीवर ठेवा. ती मला नेताच येत नाहीत.” संहितेचं साठावं कलम तेच सांगतं. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरिवाजाप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं ह्यांना हात लावता येत नाही. शेतकऱ्याचं, मजुराचं राहतं घरसुद्धा. पगाराचं गणित वेगळं. पहिले हजार रुपये सोडायचे, उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडायचे. हिशेबात धरायचा पगार पंचवीस हजार असेल तर आठ हजारांपर्यंत कापता येतात. आणि एकाच हुकूमनाम्यात चोवीस महिने कापून झाले की पुढे त्यातून सुटका.

तुरुंगाची भीती घालणारे वसुलीवाले फोनवर बरेच असतात. दिवाणी कैद कायद्यात आहे. पण १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलं, की नुसती पैसे न देण्याची वस्तुस्थिती पुरत नाही. ऐपत असून बेइमानीने टाळलं, हे दिसायला हवं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल. दरिद्री असणं हा गुन्हा नाही, असा त्याचा रोख आहे.

हे सगळं संरक्षण मात्र साध्या पैशाच्या हुकूमनाम्याला. ज्या क्षणी तुम्ही घर गहाण टाकून सही केलीत, त्या क्षणी त्या घरापुरतं साठावं कलम संपलं. गहाण घर विकायला जप्ती लागतच नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँकेला कोर्टाचा हुकूमनामाही लागत नाही. साठ दिवसांची नोटीस आणि पुढची कारवाई. शेतजमिनीचं तारण त्या कायद्यातून वगळलंय, हे लक्षात ठेवा. सहकारी संस्थांचं तिसरंच. तिथे निबंधकाकडून सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि संस्थेचा वसुली अधिकारीच जप्तीला येतो. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनी हा नंबर पाठ करावा. समोर कोण हसतंय? म्हणजे अनुभव आहे.

आता बोजा. सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ नावाचा रकाना असतो. कर्ज काढलं की तलाठी फेरफार घालतो आणि तिथे संस्थेचं नाव, रक्कम चढते. ती चढते आपोआप. उतरत आपोआप नाही. लोकांना वाटतं, शेवटचा हप्ता भरला, बँकेच्या साहेबाने हात मिळवला, संपलं. अहो, बँकेच्या खात्यात संपलं, तलाठ्याच्या दप्तरात तुम्ही अजून कर्जदारच. निल दाखला, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला घ्यायचा, बोजा कमी करण्याचा अर्ज द्यायचा, हल्ली ई-हक्क ह्या सरकारी संकेतस्थळावरूनही देता येतो. मग फेरफार, नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशाने बँकांना आणि वित्त कंपन्यांना वैयक्तिक कर्जांपुरतं (घरकर्जही त्यातच) बंधन घातलंय: पूर्ण फेड झाल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा, चूक त्यांची असेल तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये. चांगली गोष्ट आहे. गावच्या पतसंस्थेला किंवा विकास सोसायटीला मात्र तो आदेश लागू नाही, आणि जुने बोजे अडकलेत ते बहुतेक तिथेच.

आमचंच सांगतो. आजोबांनी विकास सोसायटीचं बाराशे रुपयांचं कर्ज काढलं होतं. वडिलांनी ते फेडलं. दोघंही गेले. आम्ही भावांनी विहिरीसाठी कर्ज काढायला घेतलं तेव्हा बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये लिहिलं: सोसायटीचा बोजा, रुपये १२००, नोंद कायम. मी वकील, आणि माझ्या बापाच्या जमिनीवर हे! सोसायटी अवसायनात गेलेली, म्हणजे गुंडाळायला काढलेली. ते काम बघणारा अवसायक दुसऱ्या तालुक्यात बदलून गेलेला. सहायक निबंधकांच्या कचेरीत रजिस्टर होतं, पण आमच्या पानाला वाळवी. फेडीची पावती सापडली ती आईच्या ट्रंकेत, लग्नाच्या शालूच्या घडीत. ती पावती तिथे का ठेवली होतीस, असं विचारलं, तर म्हणाली, “तुझे वडील म्हणाले होते, ही हरवली तर रान जाईल.”

त्या पावतीवर दाखला मिळाला, दाखल्यावर फेरफार झाला. नवा उतारा हातात आला तेव्हा त्या नोंदीवर आडवी रेघ होती आणि खाली छापलं होतं, ‘प्रलंबित फेरफार : नाही’. बाराशे रुपयांसाठी सतरा चकरा झाल्या होत्या. डायरीत मोजून ठेवल्यात.

चहा आलेला दिसतोय. प्रश्न जरूर विचारा. ज्यांनी पिशव्या आणल्यात त्यांनी मात्र आत्ता उघडू नका. मी वाचायला बसलो तर वाचनालयाला कुलूप लावणाऱ्याची पंचाईत होईल. उद्या सकाळी घरी या, पावत्या तारीखवार लावून.