आयर्विनचे फूट पाठ, बजेटचं काय?

हा आपला कृष्णेवरचा आयर्विन पूल, नदीचं पाणी इथंच मोजतात. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलेलं. सांगलीत शाळेतल्या पोरालाबी हे आकडे पाठ असतात, पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या व्हॉट्सअ‍ॅपवर पहिला मेसेज "किती फूट झालं?" हाच.

आता त्याच माणसाला विचारा, तुमच्या भागातल्या गटारीसाठी महापालिकेनं यंदा बजेटात किती पैसे ठेवलेत. गप्पच बसतो. मी पण बसलो असतो.

हे घरपट्टीचं बिल, जरा जवळून बघा. घर वर्षाला किती भाड्यानं जाईल ते धरायचं, त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा, राहिलं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर हे सगळे कर, सामान्य कर, वृक्ष कर, आणि ही ओळ दिसतेय का, शिक्षण कर, हा महापालिकेचा नाहीच, राज्य सरकारचा आहे, महापालिका नुसती गोळा करून पुढं पाठवते. शिव्या मात्र तिलाच. आणि थकली की महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला २४, सावकार बरा म्हणायची वेळ.

पूर्वी जकात होती, नाक्यावर ट्रकची रांग लागायची, रोजचा रोख पैसा यायचा. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, मग २०१७ ला जीएसटी. आता त्या बदल्यात राज्याकडून अनुदान येतं आणि स्वतःच्या हातातली मोठी कमाई म्हणजे घरपट्टीच. म्हणजे पैसा आपला जातो, पण बोलायचं कुठं?

गावात बघा, दोन हजार वस्तीचं गाव असलं तरी ग्रामसभा असते, २६ जानेवारीला कुणीबी उठून सरपंचाला विचारतं, पैसे कुठं गेले. शहरात तसं काय? २००९ ला कायद्यात क्षेत्रसभा आणली, नगरसेवकानं आपल्या भागातल्या मतदारांना बोलवून बसायचं. पण एका प्रभागात चार-चार नगरसेवक, बोलवायचं कुणी आणि कुणाच्या नावानं? बरं, ऑगस्ट २०२३ ला आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली ती थेट २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासक होते, म्हणजे बजेट मांडणारा बी तोच आणि मंजूर करणारा बी तोच, स्थायी समिती नाही, महासभा नाही, निदान आरडाओरडा तरी व्हायचा तिथं.

पुण्यात २००६ पासून बजेटच्या आधी लोकांकडून कामं मागवतात, फूटपाथ, दिवे, बसथांबा असली छोटी कामं. अर्ज भरायचा, क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. लय भारी चालतं असं नाही, बऱ्याच जणांना ते माहितच नसतं. पण निदान विचारतात तरी.

म्हणून आम्ही बजेटची पानं प्रिंट काढून गल्लीतल्या कट्ट्यावर बसलो. पोरं आली, बघून गेली. शेजारच्या मावशी मात्र चष्मा लावून बसल्या, रस्ते दुरुस्तीच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "एवढे कोटी? यात मिरज-कुपवाड पण आलं का नुसती सांगली?"

तिन्ही, मावशी. १९९८ पासून तिन्ही शहरांची महापालिका एकच.

"मग आपल्या गल्लीचं कुठल्या पानावर?"

मी पान उलटलं. मग पुढचं.