घरापासून पायी जाता येईल असा बगीचा

श्रोतेहो, नमस्कार.

फाल्गुन लागला. आता घरोघरी कूलरची साफसफाई होईल, वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातील. 23 मे 2013 रोजी आपल्या नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता, तेव्हा ही तयारी हवीच. पण त्या तयारीत मला आणखी एक गोष्ट घालायची आहे. घरापासून पायी जाता येईल असा एखादा बगीचा, आणि तिथलं रोजचं जाणं.

झाड नुसती सावली देत नाही. मुळांनी ओढलेलं पाणी पानं वाफेच्या रूपात सोडतात आणि त्यासाठी भोवतालची उष्णता वापरतात. काँक्रीट मात्र दिवसभर तापतं आणि ती धग रात्री उशिरापर्यंत बाहेर टाकत राहतं. मे महिन्यात रात्री जेवण झाल्यावर वर्धा रोडवरून सिव्हिल लाइन्सच्या झाडीत शिरा, फरक अंगालाच कळतो.

मनाचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका दवाखान्यातल्या रुग्णांची पाहणी 1984 साली प्रसिद्ध झाली. सगळ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीसमोर विटांची भिंत होती. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची तीव्र औषधंही कमी लागली. पुढे 2019 मध्ये इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं, की आठवड्यात दोन तास किंवा त्याहून जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत बरी असल्याचं अधिक प्रमाणात सांगतात. झाडांमुळेच ते बरे राहिले, असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांची तब्येत धड असते तेच बाहेर पडतात, हेही खरंच. पण त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ते दोन तास एकदम मिळाले काय आणि थोडे थोडे करून मिळाले काय, फरक पडला नाही.

म्हणजे रोजची सतरा-अठरा मिनिटं. आणि ती मिळायची तर बगीचा जवळ हवा. अंबाझरी, फुटाळा, तेलंगखेडी, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा ही आपली श्रीमंती आहे, पण ती बहुतेक शहराच्या पश्चिमेला. पारडीतल्या किंवा नंदनवनातल्या आजीबाई रोज सेमिनरी हिल्सला कशा जाणार? त्यांच्यासाठी ले-आउटमधला तो छोटा बगीचाच खरा.

तिथे गेल्यावर पावलं मोजायची तर जरूर मोजा. पण एक फेरी हळू मारा, कानात काही न घालता. सध्या पळस फुललाय. झाडावर पान नाही, नुसती फुलं. एक खाली पडलेलं फूल उचलून बघा. देठाशी काळपट, मखमली लव आणि त्यातून पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली केशरी पाकळी. त्या मधासाठी सकाळी मैना आणि शिंजीर नुसते भांडत असतात. वडा-उंबराजवळ असाल तर तांबट पक्ष्याचं एकसुरी टुक्-टुक् ऐकू येईल. चिमणीहून जरा मोठा, हिरवा, कपाळावर आणि गळ्याशी लाल. याच दिवसांत तो वाळक्या फांदीला खालच्या बाजूने गोल भोक पाडून घरटं करतो. एकदा ते भोक सापडलं, की मुलं रोज तुमच्याआधी चप्पल घालून तयार असतात.

मात्र बगीचा ‘स्वच्छ’ करताना ती वाळकी फांदीच आधी छाटली जाते. पालापाचोळा जाळला जातो. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसतात आणि पावसाचं पाणी मुळाशी मुरतच नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं. अजनीची झाडं वाचवायला 2021 मध्ये कितीतरी नागपूरकर पुढे आले होते. छोट्या बगीच्यातली माती मात्र आपल्या डोळ्यांदेखत झाकली जाते आणि कोणी काही बोलत नाही. दिल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढा, असं राष्ट्रीय हरित लवादाने 2013 सालीच सांगितलं होतं. आपल्या वस्तीतही तेवढी जागा मोकळी मागायला काय हरकत आहे? वाळकी फांदी कोणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल तर राहू द्या म्हणावं. पाचोळा झाडाखालीच पसरू द्या, त्याचं खत होतं आणि उन्हाळ्यात माती ओली राहते.

आणि जिथे मोकळी जागा आहे तिथे शोभेच्या पामऐवजी कडुनिंब, करंज, बहावा लावायला सांगा. त्यासाठीचे खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावे लागतात, म्हणजे जूनमध्ये चांगला पाऊस झाला की लगेच रोपं लावता येतात. बगीचा महापालिकेचा असो की सुधार प्रन्यासचा, वस्तीतल्या चार-पाच जणांनी मिळून अर्ज द्यायचा तर तो याच महिन्यात द्यायला हवा.

नमस्कार.