एक मोकळीक ठेवायची

(दृश्य: जालन्याबाहेरची पत्र्याची शेड. ग्राइंडरच्या ठिणग्या. दारात रंग न दिलेलं पेरणी यंत्र.)

मे महिना सरत आलाय. मृग तोंडावर आहे, आणि या दिवसांत मराठवाड्यातल्या अवजारांच्या शेडमध्ये कुणाला मान वर करायला फुरसत नसते. जालना म्हणजे बियाण्यांचं आणि सळईचं गाव. पेरणी यंत्राला लागणारं सगळंच इथं हाताशी.

आपण कोपऱ्यातल्या टेबलाकडे जाऊ. धुळीसाठी पंचा टाकून ठेवलेला कॉम्प्युटर आहे. पंचा बाजूला सारून डिप्लोमा झालेली एक मुलगी फ्रीकॅड, म्हणजे यंत्राचे भाग रेखाटायचं सॉफ्टवेअर, उघडून बसली आहे. पडद्यावर एक पट्टी आहे: दोन्ही टोकं गोल, टोकांजवळ एकेक भोक. तिनं माऊसनं एक कोपरा ओढला आणि पट्टी मळलेल्या कणकेसारखी वाकडी झाली. मागं उभे असलेले मिस्त्री काका पुढं झुकले.

"काय करायलीस पोरी? हे तर नुसतं डुलायलंय."

"हो काका. अजून बांधलं नाही त्याला."

(दृश्य: काकांच्या पेटीतली हत्यारं, एकेक करून.)

बांधणं. फार नेमका शब्द वापरला तिनं. सॉफ्टवेअरमध्ये याला कन्स्ट्रेंट म्हणतात, पण काकांच्या पेटीत ही बंधनं पिढ्यान्‌पिढ्या पडून आहेत. गुण्या लावला की दोन कडा काटकोनात आल्या. ओळंबा सोडला की खांब उभा झाला. पाणसळ ठेवली की तुळई आडवी. यातलं एकही हत्यार मापाचा आकडा सांगत नाही, दोन गोष्टींमधलं नातं तेवढं पक्कं करतं. स्केचमध्येही आधी नाती, मग मापं. हा क्रम उलटा करणारी किती तरी मुलं मी पाहिली आहेत. आधी मापांची जत्रा भरवायची आणि मग आकृती लाल का झाली म्हणून विचारायचं.

पट्टीचाच हिशोब बघा. कागदावरची रेघ चार तऱ्हांनी हलू शकते, म्हणजे तिला चार मोकळिकी, कारण तिला दोन टोकं आणि प्रत्येक टोकाला दोन दिशा. वर्तुळाला तीन मोकळिकी: केंद्राच्या दोन, त्रिज्येची एक. कंसाला पाच, कारण त्याची दोन टोकंही सरकतात. आपल्या पट्टीत दोन रेघा, दोन कंस, दोन वर्तुळं. झाल्या 24 मोकळिकी.

आता नाती जोडू. रेघा आणि कंस चार ठिकाणी टोकाला टोक भिडले, आठ गेल्या. तिथंच ते एकमेकांना स्पर्शिका झाले, आणखी चार. दोन्ही कंस सारखे, एक. भोकांची केंद्रं कंसांच्या केंद्रांवर बसवली, चार. दोन्ही भोकं सारखी, एक. एक केंद्र मूळबिंदूवर ठेवलं, दोन. पट्टी आडवी केली, एक. एकवीस मोकळिकी गेल्या आणि अजून एकही आकडा टाइप केलेला नाही! उरल्या तीन: दोन भोकांमधलं अंतर, भोकाचा व्यास, टोकाची त्रिज्या. ते तीन आकडे दिले की पट्टी हिरवी होते. हिरवी झाली, आता ती हलणार नाही.

कुणी चौथं माप दिलं, पट्टीची एकूण लांबी म्हणा, तर सॉफ्टवेअर अडतं. बरोबरच आहे. ती लांबी आधीच ठरलेली आहे: भोकांमधलं अंतर अधिक दोन त्रिज्या.

मी एकदा यातलं एकच नातं विसरलो होतो. एक भोक कंसाच्या केंद्राशी न बांधता डोळ्यांनी बघून मध्यावर ठेवलं होतं. दिसत होतं मध्यावरच. पुढं पट्टीची लांबी बदलली, टोक सरकलं, भोक मात्र होतं तिथंच राहिलं. मी फाइल तशीच कटिंगला पाठवली. पट्ट्या कापून आल्या त्या दुपारी शेडमध्ये कुणी काही बोललं नाही, आणि ती शांतता मला अजून ऐकू येते.

(दृश्य: पडद्यावर चार कड्यांची चौकट. बाजूला शेडमधल्या यंत्राचा दाता.)

पट्टी पक्की झाली. पण ती ज्या यंत्रणेत बसणार, ती पक्की करून कसं चालेल? पेरणीचा दाता, म्हणजे मातीत शिरून बी सोडणारा फण, ढेकळावरून वर उचलला पाहिजे आणि परत खाली आला पाहिजे, तेही न कलता. कलला की बियाण्याची खोली बदलली. पूर्वी तिफणीवर हा तोल माणसाचा हात सांभाळायचा. दाबही त्याचाच, आणि चाड्यावरची मूठही कुणा घरच्याच बाईची.

इथं ते काम चार कड्या करतात: फ्रेम, वरची पट्टी, खालची पट्टी आणि दात्याचा खांब. फ्रेम जागची हलत नाही. बाकी तिघींना सपाटीवर प्रत्येकी तीन मोकळिकी, दोन सरकण्याच्या आणि एक फिरण्याची, एकूण नऊ. चार पिना प्रत्येकी दोन काढून घेतात, आठ. उरली एक. तीच वर-खाली जाण्याची. ती एक राहिली पाहिजे. शून्य झाली तर दाता दगडावर मोडेल, दोन झाल्या तर शेतात झिंगत चालेल.

वरच्या आणि खालच्या पट्टीला तिनं वेगवेगळे आकडे दिले नाहीत. दोन्ही सारख्या, एवढंच नातं जोडलं. खांबावरच्या पिनांमधलं अंतरही फ्रेमवरच्या अंतराइतकंच. झाला समांतरभुज चौकोन. उद्या लांबी बदलायची तर एका ठिकाणी बदलेल, आणि दाता तरीही सरळच राहील.

ही कल्पना आजची नाही. 1963 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड दाखवलं. पडद्यावर लाइट पेननं ओबडधोबड रेघा काढायच्या, अटी सांगायच्या, आणि कॉम्प्युटर रेघांना अटीत बसवणार. जोडलेल्या कड्या पडद्यावर हलवून बघणं, हे त्यांनी तेव्हाच करून दाखवलं होतं.

एक खोड मात्र ओळखून ठेवावी. सॉफ्टवेअर अटींची समीकरणं सोडवतं ते आकृती आत्ता जिथं आहे तिथून सुरुवात करून. समांतरभुज चौकोनाच्या चारही पिना एका रेषेत आल्या, की पुढं दोन वाटा फुटतात: सरळ चौकोन किंवा पट्ट्या एकमेकींना छेदणारी आकृती. झटक्यानं ओढलं तर ती चुकीच्या वाटेला जाते. म्हणून सुरुवातीचं रेखाटन खऱ्याच्या जवळचं असावं, आणि माऊस हळू ओढावा.

"काका, दगड आला असं समजा." ती दाता वर ओढते. पट्टी भोकापासून भोकापर्यंत 320 मिलिमीटर. आडव्यापासून 20 अंश फिरली की दाता 109 मिलिमीटर उचलला जातो.

काका दात्याकडे बघत नाहीत, फ्रेमकडे बघतात. "वर जाताना आत बी यायलाय की गं तो."

ती मोजते. 19 मिलिमीटर.

काका कानामागचा खडू काढतात आणि दारातल्या यंत्रापाशी जाऊन फ्रेमवर रेघ ओढतात. "पंचवीस सोडू," म्हणतात, "माती बी अडकत असतीय."