वस्तीवरची वीज

हे मंगळवेढ्याचं शिवार. काळी माती, मालदांडी ज्वारी, आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा. सोलापूरकराला ऊन किती असतं ते सांगावं लागत नाही.

इथली कितीतरी कुटुंबं गावठाणात नाही, रानातल्या वस्तीवर राहतात. शेतपंपाची लाईट पाळीनं येते. रात्रपाळी आली की हातात बॅटरी घ्यायची आणि साप-विंचू बघत दारं धरायला निघायचं. घरातलं माणूस परत येईपर्यंत बाईच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

सौरपंपानं हे थांबवलं. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी.

पण पॅनेल बसवणारी गाडी निघून गेली, की पुढं काय? पंप पाणी कमी ओढतोय. का? बघा, मळणीचा भुसा काचेवर बसलाय. लिंबाच्या फांदीची सावली एकाच पॅनेलवर पडली आहे, पण पॅनेल एका माळेत जोडलेली असतात, त्यामुळे सगळीच रांग मंदावते. धुवायचं तर सकाळी, काच तापायच्या आत. आणि पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको. २५ अंशांच्या वर तापलं की प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. म्हणून खाली वारा खेळता हवा. तिथं कडब्याची गंजी रचायची नाही. आग लागायची भीती वेगळीच.

हे कुणीतरी नीट बसून सांगायला हवं, आणि ते आपल्यातलंच माणूस असावं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक असताना चेतनसिंग सोळंकी यांनी घेतलेल्या पुढाकारानं खेड्यातल्या मुलांसाठी दहा लाख सौरदिव्यांचा प्रकल्प झाला. ते दिवे स्थानिक माणसांनीच जोडले आणि दुरुस्तही केले. आम्हाला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

शाळेतही सुरुवात होऊ शकते. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. साठ वॅटचा जुना बल्ब ते सुमारे पावणेसतरा तासांत संपवतो, नऊ वॅटचा एलईडी शंभराहून जास्त तास पुरवतो. सातवीतली पोरगी हे गणित घरी नेते, आणि बिल आलं की आईसोबत वाचते.

एक काळजी मात्र आहे. दिवसभर फुकट चालणारा पंप बोअर लवकर आटवू शकतो. सांगोल्याच्या डाळिंबबागांना ठिबक सवयीचं आहे. सौरपंपाला ती जोड हवीच.

आणि हक्कही माहीत हवा. योजनेतल्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. वळवाच्या वादळात पॅनेल फुटलं तर तक्रार कुठं नोंदवायची, हे दर वस्तीवर निदान एका माणसाला, आणि त्या घरातल्या बाईलाही, पाठ असलं पाहिजे.