सात फुटांची फळी आणि छोटी लाईन

नमस्कार मंडळी. आत येताना एका तरुण मित्राने दारातच विचारलं, "दहा बाय बाराच्या खोलीत नागपूर जंक्शन बसेल का?" मॉडेल रेल्वेचं वेड लागलेला आपल्या गावचा प्रत्येक माणूस कधी ना कधी हाच प्रश्न घेऊन येतो. यायलाच हवा. १९२५ साली उघडलेली ती दगडी इमारत, दिल्ली-चेन्नईचा आणि हावड्याचा रस्ता एकमेकांना छेदतो तो डायमंड क्रॉसिंग, अजनीची इंजिनांची शेड हे सगळं पाहत आपण वाढलो. ते आपल्या टेबलावर असावं असं कोणाला वाटणार नाही?

उत्तर द्यायला मी ही पुठ्ठ्याची पट्टी आणली आहे. लांबी २७ सेंटिमीटर. एचओ म्हणजे १:८७ या प्रमाणात लांब पल्ल्याच्या गाड्यांचा आजचा एलएचबी प्रकारचा डबा एवढा होतो, कारण खरा डबा साडेतेवीस मीटरचा असतो. असे २२ डबे लावा. सहा मीटर झाले, आणि इंजिन अजून जोडायचंच आहे. दहा बाय बाराच्या खोलीची मोठी भिंत साडेतीन मीटरच्या थोडी वर. म्हणजे गाडी नुसती उभी करायलासुद्धा भिंत पुरत नाही.

मग लोक म्हणतात, पाचच डबे लावू आणि गोल फिरवू. इथे ही पट्टी पुन्हा कामाला येते. खालून दोन टाचण्या टोचल्या आहेत, एकमेकींपासून १७ सेंटिमीटरवर. डब्याखाली पुढे-मागे चाकांचे दोन सांगाडे असतात, त्यांना बोगी म्हणतात; त्या दोन बोगींच्या मध्यांमधलं अंतर तेवढं येतं. आता या कागदावर मी ३६० मिलिमीटर त्रिज्येची गोलाई काढली आहे. सुरुवातीच्या संचात साधारण एवढीच गोलाई मिळते. टाचण्या रेषेवर ठेवतो. पुढच्या रांगेतल्यांनी जवळ येऊन पाहा. डब्याचं पोट रेषेच्या आत एक सेंटिमीटर गेलं आणि दोन्ही टोकं दीड सेंटिमीटर बाहेर आली. तिथे फलाट असता तर डबा त्याला घासला असता, शेजारच्या रुळावर गाडी असती तर तिला. डबा रुळावरून उतरला नाही तरी बघवत नाही. माझा हिशोब असा की सगळ्यात लांब डब्याच्या निदान तिप्पट त्रिज्या हवी. २७ च्या तिप्पट ८१, म्हणजे वर्तुळ एक मीटर बासष्ट सेंटिमीटर रुंद. आठ बाय चारचा प्लायवूड एक मीटर बावीसचा. विषय संपला.

प्लायवूडचा पूर्ण ताव खोलीत मधोमध टाकणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. माणसाचा हात आरामात पाऊण मीटर पोचतो. चार फुटी ताव भिंतीला टेकवला की पलीकडचा घसरलेला डबा उचलता येत नाही, आणि चारी बाजूंनी फिरायला दोन-दोन फूट सोडले की खोलीत दिवाणाला जागा राहत नाही. घरातल्यांची नाराजी होते ती वेगळीच, आणि ती रास्त असते.

म्हणून माझं सांगणं असं आहे, राजेहो: नागपूर जंक्शन सोडा, इतवारीची छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज, घ्या.

हा तडजोडीचा सल्ला समजू नका, यामागे गणित आहे. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. आपली ब्रॉडगेज, म्हणजे मोठी लाईन, १६७६ मिलिमीटरची. पण बाजारात मिळणारा एचओचा रूळ साडेसोळा मिलिमीटरचा. त्याला ८७ ने गुणलं की १४३५ येतात, म्हणजे युरोपचा गेज. आपली मोठी लाईन त्यावर मांडली की २४ सेंटिमीटर अरुंद होते. आता छोटी लाईन बघा. ती अडीच फुटांची, ७६२ मिलिमीटर. भागिले ८७ केलं की पावणेनऊ. आणि एन स्केलचा, म्हणजे एचओहून लहान मॉडेलांचा, तयार रूळ मिळतो बरोबर ९ मिलिमीटरचा! फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला कळत नाही. इंजिन आणि डबे १:८७ चेच, घरं, माणसं, बैलगाडी, कडुनिंब सगळं १:८७ चं, फक्त रूळ ९ चा. वर आणखी फायदा असा की डबे आखूड असल्यामुळे २५ सेंटिमीटरची गोलाईसुद्धा चालून जाते. डोंगरदऱ्यांत वळायला सोपं जावं हेही खरी छोटी लाईन बांधण्याचं एक कारण असायचं. आपल्या खोलीची अडचण तीच आहे.

माझ्या मामाचं गाव भिवापूरकडे. इतवारीहून उमरेड, भिवापूर करत गाडी नागभीडला जायची. खिडकी इतकी खाली की फलाटावरच्या माणसाच्या हातातलं पाणी सरळ घेता यायचं. २०१९ च्या नोव्हेंबरात ती लाईन ब्रॉडगेजसाठी बंद झाली. ती पुन्हा चालताना बघायची असेल तर आता आपल्याच हातांनी बांधावी लागेल.

बांधायचं काय? एक फूट रुंद, सात फूट लांब फळी, भिंतीला, छातीच्या उंचीवर. उंची महत्त्वाची आहे. वरून पाहिलं की खेळणं दिसतं, डोळ्यासमोर आलं की स्टेशन दिसतं. गोल फिरणं नाही, त्याऐवजी शंटिंग, म्हणजे इंजिनाने डबे पुढे-मागे हलवून लावणं. इंग्लंडात ॲलन राइट यांनी मांडलेला इंगलनुक नावाचा एक जुना आराखडा आहे: दोन सांधे, म्हणजे एका रुळाचे दोन फाटे होतात त्या जागा, आणि तीन साईडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ. एकीत पाच वाघिणी (मालडबे) मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन, आणि मागच्या आखूड रुळावर इंजिन अधिक तीन. आठ वाघिणी ठेवायच्या, चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठी निघाली त्याच क्रमाने गाडी लावायची. सोपं वाटतं ना? अशा मांडण्या ६७२० होतात. वाघीण समजा ८ सेंटिमीटरची आणि इंजिन १२ चं धरलं, तर सांध्यांसकट हे सगळं सव्वा मीटरात बसतं. उरलेल्या पाऊण मीटरभर जागेत झाडांच्या किंवा गोदामाच्या आड एक सुटी लाकडी पाटी ठेवा, तिच्यावर रूळ. गाडी तिच्यावर आली की पाटी उचला, दुसरी लावा. "उमरेडहून आलेली गाडी" म्हणजे हीच.

चढ टाळा. एका रुळावरून दुसरा न्यायचा तर सात-साडेसात सेंटिमीटर उंची लागते. शंभराला दोनच्या चढाने तेवढ्यासाठी साडेतीन मीटरहून जास्त लांबी जाते. फळीवर ती नाही.

करवत हातात घेण्याआधी मात्र रद्दी काढा. पेपरचे ताव चिकटवून फळीच्या मापाचा कागद फरशीवर पसरा. सांध्यांच्या झेरॉक्स प्रती त्यावर ठेवा, वाघिणींचे पुठ्ठे कापून प्रत्येक चाल हाताने करून बघा. साईडिंगची मोजणी सांध्याच्या टोकापासून करू नका. दोन रूळ इतके दूर गेले पाहिजेत की शेजारच्या वाघिणीला धक्का लागणार नाही, तिथून मोजा. बहुतेकांची एक वाघीण इथेच बाहेर राहते. आठवडाभर कागद तसाच राहू द्या, येता-जाता चुका दिसतात.

आता आपल्या उन्हाळ्याबद्दल. माझी पहिली फळी तीन मीटरची होती. डिसेंबरात रूळ टाकले, सगळे जोड झाळून पक्के केले, दिसायला एकसंध आणि सुंदर. मे महिन्यात एका दुपारी पाहिलं तर मधला रूळ खिळ्यांसकट उचलून सापासारखा वाकलेला. निकेल-सिल्व्हरचा तीन मीटर रूळ तीस अंशांनी तापला की दीड मिलिमीटर वाढतो. मी त्याला जागाच ठेवली नव्हती. त्यात खोलीत दिवसभर कूलर. त्या दमट हवेने न रंगवलेली फळी फुगली. दोन महिन्यांचं काम एका दुपारी गेलं, फार वाईट वाटलं. तेव्हापासून फळी दोन्ही बाजूंनी आणि कडांनाही रंगवतो, कूलरचा झोत तिच्यावर येऊ देत नाही आणि थंडीत रूळ टाकले तर मीटरभरावर एक जोड मोकळा सोडतो, अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवून. मॉडेलचं इंजिन रुळातूनच वीज घेतं, म्हणून फटीच्या दोन्ही बाजूंना वीज पोचावी यासाठी तिथे खालून बारीक तार जोडायची.

मोतीबागेचं नॅरोगेज संग्रहालय आपल्या गावातच आहे, २००२ पासून. जाताना टेप आणि वही न्या. तिथे उभ्या असलेल्या डब्याची लांबी मोजा, पायरी रुळापासून किती वर आहे ते लिहा, खिडक्या मोजा. घरी येऊन प्रत्येक आकड्याला ८७ ने भागा आणि तेवढा पुठ्ठा कापून त्या कागदावर ठेवा.

आता ज्यांनी खोलीची मापं आणली आहेत त्यांनी पुढे या, कागद इथे आहेत.